टेमर हॅस्लमची वजरी

टेमर हॅस्लमला लोक तिच्या हातांवरून ओळखत. नखांच्या मुळाशी आणि बोटांच्या पेरांमध्ये निळा रंग कायमचा बसलेला होता. इस्पितळात येण्याआधी अठरा वर्षं ती आमच्या गावच्या रंगखात्यात सूत रंगवायला होती. तिथल्या बायका शनिवारी दुपारी भोंगा झाला की नळापाशी ओळीनं बसायच्या आणि वजरीनं हात घासायच्या, म्हणजे रविवारी देवळात हातमोजे काढले तरी लाज जायला नको. टेमरची वजरी अंड्याएवढी होती, एका बाजूनं झिजलेली. रंगखातं सुटलं, नवरा गेला, पण वजरी तिच्या एप्रनच्या खिशातून कधी गेली नाही.

इस्पितळ म्हणजे टेकडीवरचं तापाचं इस्पितळ. गावात त्याचं नाव कुणी घेत नसे. "पिलिंगांच्या पोरीला वर नेलं," एवढंच म्हणत, आणि या बोलण्याचे दोन्ही अर्थ सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ऐकणारा दोन पावलं मागे सरायचा. लाल ताप, घटसर्प आणि टायफॉइड, असे तीन वॉर्ड. भोवती उंच भिंत. आत गेलेल्या खेळण्याला परत बाहेर जायची परवानगी नव्हती, त्यामुळे आमच्याकडे एका डोळ्याच्या बाहुल्यांची आणि शेपटी तुटलेल्या घोड्यांची मोठी वसाहत झाली होती. आईबापांनी रविवारी यायचं, बाहेर मांडलेल्या फळीवर उभं राहायचं आणि बंद काचेतून पोराला पाहायचं. बाकीचे सहा दिवस संध्याकाळच्या वर्तमानपत्रात पोराचा नंबर शोधायचा. नंबरांचे तीन गट असत. धोक्यात, आजारी पण धोका नाही, आणि सुधारणा आहे. आपला नंबर कुठल्या गटात आहे ते पाहीपर्यंत गिरणीतल्या बायकांचा जीव टांगणीला लागलेला असे.

मी १९०७ साली तिथे शिकाऊ नर्स म्हणून लागले. अठरा वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. टेमर तेव्हा चाळिशीची. ती नर्स नव्हती. लाल तापाच्या वॉर्डात पोरांना आंघोळी घालायच्या आणि त्यांचे पाय धुवायचे, हे तिचं काम. पाय धुणं हे काम ऐकायला हलकं वाटतं, पण आमच्या वॉर्डात सगळं पायांवरच अडायचं.

लाल ताप उतरला की पोराच्या अंगाची सालं निघतात. आधी मानेची, मग हातांची, आणि सगळ्यांत शेवटी टाचांची. या सालांतूनच रोग पसरतो असं तेव्हा सगळे डॉक्टर मानत. म्हणून सहा आठवडे झाले की दर गुरुवारी डॉक्टर ऑर्मरॉड यायचे, पोरांना पांढऱ्या चादरीवर अनवाणी उभं करायचे आणि भिंग घेऊन टाचा बघायचे. टाच गुळगुळीत असेल तर पोर घरी. एवढासा पापुद्रा दिसला तरी आणखी एक आठवडा. ताप जाऊन महिना झालेली, खणखणीत, दंगा करणारी पोरं निव्वळ टाचेपायी अडकून पडायची. डॉक्टर चांगला माणूस होता पण टाचेच्या बाबतीत देवाचंही ऐकला नसता.

ओलिव्ह पिलिंग सात वर्षांची होती. १९०८ च्या वसंतात आली. आली तेव्हा आठवडाभर तिचा नंबर पहिल्या गटात होता. टेमरनं तिचे केस कापले, तिला चमच्यानं पाणी पाजलं, तिच्या जिभेवरचा चिकटा बोटाला फडकं गुंडाळून काढला. पोरगी वाचली आणि वाचल्यावर तिचं तोंड जे सुरू झालं ते थांबेना.

"टेमरमावशी, व्हिटचा सोमवार किती दिवसांवर आलाय?"

"काल होता त्याच्याहून एकानं कमी."

"मला बॅनरची रिबन धरायचीय. डावीकडची. रविवारच्या शाळेतल्या मिस फील्डन म्हणाल्यात मला. आईनं फ्रॉक शिवलाय. खरा पांढरा."

"मग खोटा पांढरा कसा असतो गं?"

"एल्सीचा असतो. तिच्या आईनं पडद्याचा केलाय."

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिटच्या सोमवारी आमच्या गावी काय असतं हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. सगळ्या देवळांच्या रविवारच्या शाळा मिरवणुकीनं निघतात. पोरी पांढऱ्या कपड्यात, पुढे रेशमी बॅनर, त्याच्या चार रिबिनी चार पोरींच्या हातात. गरिबातली गरीब आई वर्षभर पोटाला चिमटा काढते, पण त्या दिवशी पोरीला नवं अंगावर घालते. ज्या पोरीला रिबन मिळाली तिच्या घरचे पुढचं वर्षभर ताठ मानेनं चालतात. आणि टेमर? ती अनाथाश्रमात वाढलेली. आश्रमाची पोरं मिरवणुकीत नसायची. ती पदपथावर करड्या कपड्यात रांगेनं उभी राहून बघायची. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही चादरी पिळता पिळता.

मिरवणुकीच्या आधीचा शेवटचा गुरुवार जवळ आला तेव्हा ओलिव्हला आत येऊन सात आठवडे झाले होते. सगळं अंग स्वच्छ. फक्त दोन्ही टाचांना नाण्याएवढा जाड पांढरा पापुद्रा राहिला होता, आणि तो काही केल्या सुटत नव्हता. रविवारी तिची आई, एडिथ पिलिंग, फळीवर उभी राहिली. कडेवर तीन वर्षांचा धाकटा क्लिफर्ड. एडिथनं कागदातून फ्रॉक काढून काचेला लावून दाखवला. ओलिव्हनं आतून काचेला हात लावला. मग दिवसभर ती पलंगावर बसून स्वतःच्या टाचा नखांनी खरवडत होती. टाचेतून रक्त आलं तेव्हा सिस्टरनं तिच्या हातांना मोजे बांधले.

बुधवारी दुपारी मी न्हाणीघरात स्वच्छ टॉवेल ठेवायला गेले. ओलिव्ह टबाच्या काठावर बसली होती, पाय कोमट पाण्यात. टेमर खाली गुडघ्यांवर बसली होती आणि वजरीनं तिच्या टाचा घासत होती. हळूहळू, गोल गोल. पाण्यावर पांढरा चुरा तरंगत होता. टेमरनं वर पाहिलं.

"हेटी, दार लावून घे. वारा येतोय."

बाहेर पान हलत नव्हतं. मी टॉवेल ठेवले आणि दार लावून बाहेर आले. कुणाला काही बोलले नाही. पोरगी घरी जावी असं मलाही वाटत होतं, आणि टाचा घासल्यानं काही बिघडतं असं मनापासून वाटतही नव्हतं. मला सगळं कळत होतं ना!

गुरुवारी डॉक्टरांनी भिंग लावलं, उजवी टाच पाहिली, डावी पाहिली, पुन्हा उजवी पाहिली. "वा," म्हणाले, "आठवड्यात काय फरक पडलाय." आणि सही केली. शुक्रवारी ओलिव्ह औषधाच्या पाण्यानं न्हाऊन मागच्या दारानं घरी गेली. जाताना तिनं टेमरच्या कमरेला मिठी मारली. तिला सर्दी झाली होती. टेमरनं एप्रननं तिचं नाक पुसलं आणि म्हणाली, "रिबन घट्ट धर. वाऱ्यानं हातातून सुटली तर मला तोंड दाखवू नकोस."

सोमवारी टेमरनं सुट्टी मागून घेतली आणि जन्मात पहिल्यांदा मिरवणूक बघायला हौसेनं गेली. परत आली तर गाल लाल. "धरली गं," म्हणाली, "दोन्ही हातांनी धरली होती बयेनं."

त्यानंतर अकराव्या दिवशी तापाची गाडी पुन्हा पिलिंगांच्या गल्लीत गेली. या वेळी क्लिफर्डला आणलं. डॉक्टर ऑर्मरॉडनी नोंदवहीत नाव घातलं आणि बाजूला दोन शब्द लिहिले : परतीची केस. घरी परतलेल्या पोरानं घरातल्या दुसऱ्याला दिलेला रोग. आमच्या इस्पितळात या दोन शब्दांची फार लाज होती. वर्षाला चारपाच व्हायच्याच, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर आठवडाभर कुणाशी धड बोलत नसत.

टेमर नोंदवहीच्या टेबलाशी बादली घेऊन उभी होती. "परतीची म्हणजे ओलिव्हकडून?" तिनं विचारलं.

"दुसरं कुणाकडून?" डॉक्टर म्हणाले. "टाच मीच पाहिली होती. माझ्या नजरेतून कुठेतरी सुटलं."

त्या क्षणी ती बोलली असती तर नोकरी गेली असती. पण नोकरीसाठी ती गप्प राहिली असं मी कधी मानलं नाही. मी तिच्यासमोर होते. चेहरा फडक्यासारखा पांढरा झाला होता. आणि मी? मी तर तिथून सरळ घटसर्पाच्या वॉर्डात जाऊन बाटल्या उकळत बसले.

क्लिफर्डचा घसा आतून सडला. नऊ दिवस तो टेमरच्या हाताखेरीज कुणाच्या हातून पाणी घेत नव्हता. दहाव्या दिवशी सकाळी, पोरांच्या दुधाच्या वेळी तो गेला. एडिथला आत येऊ दिलं नाही, तो नियम होता. तिला काचेतून दाखवलं. ती फळीवर उभी राहिली, आणि फळीखाली, तिच्याजवळ पण तिला न शिवता, ओलिव्ह उभी होती. एडिथनं काचेवर कपाळ टेकलं. मग खाली वळून त्या पोरीकडे पाहिलं. ते पाहणं टेमरनं आतून बघितलं, आणि मीही बघितलं.

गावाला जे कळायचं ते कळलं. ओलिव्हनं आणला. शाळेत पोरं म्हणत, दुकानात बायका म्हणत. वाईट बुद्धीनं नव्हे, दूध नासलं म्हणावं तसं सहज म्हणत. आणि ओलिव्ह ऐकत मोठी झाली. बोलणारी पोर मुकी झाली. सोळाव्या वर्षी घर सोडून हॅलिफॅक्सला गेली, तिथेच लग्न केलं, आणि गावात परत पाऊल टाकलं नाही.

टेमर लाल तापाच्या वॉर्डातच राहिली. तिला दोनदा धुलाईखात्याची मुख्य करत होते, तिनं नकार दिला. एकोणीस वर्षं ती पोरांचे पाय धूत राहिली. पण वजरी पुन्हा कुणाच्या पायाला लागली नाही. उलट टाचेला जरासा पापुद्रा असला की ती स्वतःच सिस्टरला बोलावून दाखवायची, आणि घरी जायला निघालेली पोरं तिच्या नावानं रडायची. पोरं तिला दुष्ट म्हणत. आम्हा दोघींत त्या बुधवारचा विषय एकदाच निघाला. कधीतरी महायुद्धाच्या काळात. ती म्हणाली, "दर व्हिटला मी त्या बाईच्या दारापर्यंत जाते हेटी. पितळी कडी हातात घेते आणि परत येते." मी म्हटलं, आता सांगून काय होणार आहे? ती म्हणाली, "त्या पोरीवरचं उतरेल ना." मी तिला परावृत्त केलं. माझंही नाव त्यात आलं असतं, हे कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

१९२७ साली डॉक्टर ऑर्मरॉड निवृत्त झाले आणि डॉक्टर मॅकफी आले. तरुण, लाल मिशीचे, शिट्टी वाजवत वॉर्डात फिरणारे. पहिल्याच गुरुवारी टेमरनं सवयीनं पांढरी चादर अंथरली, पोरांना अनवाणी उभं केलं. मॅकफींनी टाचांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी पोरांची नाकं पाहिली, कान पाहिले, घशात काडी घातली. ज्या पोराचं नाक वाहत होतं त्याला थांबवलं. ज्या पोरीच्या टाचेला चांगला रुंद पापुद्रा लोंबत होता तिला घरी जा म्हणाले.

"डॉक्टरसाहेब," टेमर म्हणाली, "तिची टाच राहिलीय."

"राहू दे. टाचेनं कुणाला काही होत नाही, मावशी. रोग असतो नाकात, घशात. सालं म्हणजे निव्वळ कचरा."

"हे कधीपासून?"

मॅकफी हसले. "पहिल्यापासूनच. आपल्याला आत्ता कळलं, एवढंच."

टेमरनं चादर गोळा केली. घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. मला वाटलं आता ही रडेल आणि मोकळी होईल. एकोणीस वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं होतं. माझं तर उतरलं होतं, मी खोटं कशाला बोलू. पण ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हेटी, ओलिव्हचं नाक वाहत होतं. मीच पुसलं." आणि थोड्या वेळानं, "या रविवारी मी त्या दारातून परत फिरणार नाही. तू बरोबर ये. तू पाहिलंयस."

एडिथ पिलिंगनं दार उघडलं तेव्हा मला ती ओळखू आली नाही. साठीची वाटत होती, होती पन्नाशीची. तिनं आमच्या हातांकडे पाहिलं आणि टेमरच्या हातांवरून ओळखलं.

"तुम्ही टेकडीवरच्या ना. क्लिफर्डला पाणी पाजायच्या. या आत. चहा टाकते."

"चहा नको, मिसेस पिलिंग. आधी ऐका. मग चहा द्यायचा की नाही ते ठरवा."

टेमरनं उभ्यानंच सगळं सांगितलं. बुधवार, न्हाणीघर, वजरी. एक शब्द गाळला नाही आणि स्वतःच्या बाजूनं एक शब्द घातला नाही. फक्त माझं नाव घेतलं नाही. ते मी घेतलं, तेवढं तरी माझ्या हातून झालं. एडिथ किटलीचा दांडा धरून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं किटली शेगडीवर ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

तिनं किटलीवर झाकण ठेवलं.

"माझी आई रंगखात्यात होती. वजरीनं घासलेली कातडी मला कळत नाही होय? शनिवारी दुपारी शेगडीपुढे पोरीला न्हाऊ घातली तेव्हा टाचा बघितल्या. नवीन जन्मलेल्या पोराच्या असाव्यात तशा गुलाबी. म्हटलं, वर कुणीतरी भली बाई आहे, तिनं आपल्यावर दया केलीय. परत पाठवायला हवं होतं. कळत होतं मला. पण फ्रॉक खुंटीला लटकत होता. मी मोजे चढवले तिला आणि गप्प बसले."

"म्हणजे तुम्ही..." मी म्हटलं.

"मग क्लिफर्ड गेला. आता हे कुणाच्या तरी माथी मारायला हवं होतं ना? माझ्या माथी मारून घेतलं असतं तर मी जगले नसते. तिच्या माथी मारलं. सात वर्षांची होती. कबरस्तानातून येताना तिनं माझा हात धरायला हात पुढे केला. मी नाही धरला. त्यानंतर कधीच नाही धरला."

टेमर एक पाऊल पुढे झाली. "मिसेस पिलिंग, तेच सांगायला आलेय. नवे डॉक्टर म्हणतात, टाचेत काही नसतंच. टाच घासली काय, न घासली काय. रोग नाकात होता. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा नाही, तुमचा नाही, पोरीचा तर नाहीच नाही. कुणाचाच दोष नव्हता."

मला वाटलं होतं, हे ऐकून बाईच्या तोंडावर जरा तरी उजेड येईल. एडिथ खुर्चीत बसली. किटली उकळून झाकण वाजायला लागलं तरी उठली नाही.

"असं सांगू नका," ती म्हणाली. "कुणाचा नव्हता म्हणता? मग एकोणीस वर्षं त्या पोरीला मी कशाची शिक्षा दिली?"

टेमर तिच्याजवळ खाली बसली, पोरांपाशी बसायची तशी गुडघ्यांवर. "तिला सांगा. पत्र लिहा. नाहीतर जा. मी येते बरोबर."

"कुठल्या तोंडानं?" एडिथ म्हणाली. आणि पुन्हा तेच. "कुठल्या तोंडानं जाऊ?"

चहा न घेताच आम्ही निघालो. ओलिव्हचा पत्ता मात्र तिनं दिला, मागितला नसताना. ख्रिसमसच्या कार्डावरचा होता. कार्डात नुसती सही होती.

पुढचा आठवडाभर टेमर वाट बघत होती, एडिथकडून निरोप येतो का. आला नाही. मग सोमवारी सुट्टी घेऊन ती एकटीच सकाळच्या गाडीनं हॅलिफॅक्सला गेली. मी वॉर्डात होते. ती परत आली तेव्हा पोरांची जेवणं चालली होती. तिनं टोपी काढली, एप्रन बांधलं, आणि पोरांना भरवता भरवता मला सांगितलं.

ओलिव्हनं तिला ओळखलं. दारात उभी राहून ऐकलं, आत बोलावलं नाही. तिच्या मागे तीनचार वर्षांची एक पोरगी खेळत होती, आणि ओलिव्ह तिला सारखी मागे ढकलत होती, पाहुणीपासून लांब, स्वतःपासूनही लांब. टेमरनं वजरीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, तुझ्यामुळे काही झालं नाही बाळा, हे तीनदा सांगितलं. ओलिव्ह रडली नाही की रागावली नाही. तिनं एकच गोष्ट विचारली.

"आईला कळलंय हे?"

"कळलंय."

"कधी?"

"कालच्या आधीच्या रविवारी. आठ दिवस झाले."

"आठ दिवस," ओलिव्ह म्हणाली. "मग तुम्ही कशाला आलात?"

आणि तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही, असं टेमर मला मुद्दाम म्हणाली. हळूच लावलं, आतल्या पोरीचं बोट सापडू नये म्हणून आधी खाली बघून.

दोन वर्षांनी टेमर न्यूमोनियानं गेली. तिच्या प्रेतयात्रेला इस्पितळातले आम्ही सहाजण होतो आणि मागे, जरा लांबून चालणारी, एडिथ पिलिंग. परतताना मी मुद्दाम तिच्याबरोबर चालले आणि विचारलं, हॅलिफॅक्सला जाऊन आलात का. "जाईन," ती म्हणाली. "या व्हिटला जाईन."

ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. आमच्या स्टेशनावरून हॅलिफॅक्सला गाडीनं दीड तास लागतो.